चावी नसलेल्या नळांचं शहर

रोममध्ये जाऊन मी वाहतं पाणी बंद करायला पोलीस बोलावला, ही गोष्ट आता परंड्याच्या एसटी स्टँडपर्यंत पोचली आहे. सांगणारा प्रत्येक जण तिला नवं शेपूट जोडतो. परवा तर एकीनं मला विचारलं की, त्या पोलिसानं तुला चौकीत किती वेळ बसवलं? म्हणून म्हटलं, आपणच एकदा सगळं सरळ लिहून काढावं. मी काही लिहिणारी बाई नव्हे. सातवी झालेली, आमच्या बौद्ध वस्तीत बालवाडी चालवणारी आणि गावच्या महिला दूध संस्थेची सचिव, एवढीच माझी ओळख. नाव चंद्रभागा, पण सगळे भागाच म्हणतात.

रोमला खेड्यापाड्यांतल्या बायांच्या सहकारी संस्थांची परिषद भरणार होती. आमच्याकडे सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता. माझे मालक ढोकीकडं साखर कारखान्यावर हंगामी कामाला जातात, तेही ऊस संपला म्हणून लवकर घरी येऊन बसले होते. अशातही आमच्या संस्थेचं दूध एक दिवस बंद पडलं नव्हतं, म्हणून जिल्ह्यानं आमचं नाव धाडलं. एक जागा अध्यक्षांची, म्हणजे आक्कांची. दुसऱ्या जागेवर माझं नाव आक्कांनीच घातलं. "हिला चार मानसांत बोलता येतं, मला येत न्हाय," एवढंच त्या जिल्ह्याच्या साहेबांना म्हणाल्या.

आक्का म्हणजे गावातल्या मोठ्या घरच्या. नवरा गेल्यावर शेतावर स्वतः उभं राहून गडीमाणसं राबवणारी बाई. बोलायला फटकळ, मनानं उदार. आणि दुष्काळात गावाला पाणी असलेली एकुलती एक विहीर त्यांची.

या विहिरीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या वस्तीचा आड शिमग्यापर्यंत कसाबसा टिकतो. तो आटला की वस्तीतल्या बाया आक्कांच्या विहिरीवर जातात आणि काठापासून लांब, एका आडव्या शिळेवर रिकाम्या घागरी घेऊन बसतात. आक्कांच्या घरचं कुणी आलं की आम्ही म्हणायचं, "पाणी वाढा." मग ते पोहरा शेंदून वरून आमच्या घागरीत ओततात, पोहऱ्याचा घागरीला स्पर्श न होऊ देता. कायदा काय आहे ते आम्हालाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. पण भर वैशाखात कायदा डोक्यावर घेऊन घरी जाता येत नाही, घागर न्यावी लागते. आक्का स्वतः आल्या तर प्रत्येकीला एक पोहरा जास्तच वाढायच्या, हेही खरं आहे.

आणि गंमत अशी की, सकाळ-संध्याकाळ माझ्या म्हशीचं दूध आणि आक्कांच्या गाईंचं दूध मी माझ्याच हातानं एका कॅनमध्ये ओतते. आमचं दूध बाटत नाही, पाणी बाटतं.

परिषदेत मला 'आमच्या अडचणी' या विषयावर बोलायचं होतं. साहेबांनी वैरण, जनावरांचा दवाखाना, दुधाचा दर असं सगळं सांगून ठेवलं होतं. माझ्या मनात मात्र एकच अडचण होती, आणि ती जिच्यामुळे होती तिच्याच शेजारी बसून सांगायची होती. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणते, मला चुलीपाशी बसवून घेतलं.

"बाई, तोंड सांभाळ," त्या म्हणाल्या. "तू बोलून मोकळी व्हशील. घागरी हितं आमच्या रिकाम्या ऱ्हातील."

हे शब्द मी कडक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर बांधून घेतले आणि आम्ही निघालो.

काळा फत्तर

संध्याकाळी रोमला उतरलो. स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात आम्हा दोघींना मिळून एक खोली होती. दोन पलंग, एक बेसिन, एक नळ. गावात आम्ही दोघी एका छपराखाली फक्त दूध संकलन केंद्रात उभ्या राहतो, आणि तिथेही मध्ये कॅन असतो. आक्कांनी घरून तांब्या आणला होता. त्यांनी तो नळाखाली भरला, प्याल्या, आणि मी मागंच उभी आहे हे पाहून म्हणाल्या, "आता हितं तुला कोन वाढनार? घे की." त्या हसत होत्या. मीही हसले आणि पेला भरून घेतला.

सकाळी उठतो तो आक्कांचे पाय टम्म सुजलेले. इतका वेळ विमानात बसायची सवय कुणाला? परिषद दुसऱ्या दिवशी होती. "तू हिंडून ये," त्या म्हणाल्या. "दोघी खोलीत बसाया का एवढ्या लांब आलो? मी पडते निवांत. आन हरवू नको, मला तुझ्या आत्याबाईला तोंड दावायचं हाय." मी हॉटेलचं छापील कार्ड पोलक्यात खोचलं, दोन भाकरी पिशवीत टाकल्या आणि बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा गावात चालत होते, जिथं मला ओळखणारं, माझं घर कुठल्या अंगाला आहे हे जाणणारं एकही माणूस नव्हतं.

पहिली नजर गेली ती खाली, रस्त्यावर. डांबर नाही. काळ्या दगडाचे मुठीएवढे चौकोनी ठोकळे, एकाला एक भिडवून बसवलेले, पार लांबपर्यंत. मी चक्क खाली बसून हात लावला. आपल्याकडचाच काळा फत्तर! बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते आणि हळद निघायच्या आत सरकारी कामावर खडी फोडत होते. कामावर मिळणारी सुकडी खायची आणि घण मारायचा. फत्तर फोडणं म्हणजे काय ते माझे हात विसरलेले नाहीत. आणि इथं शहरभर तो फोडून, तासून, जमिनीत बसवलेला. फोडणारा कोण असेल, त्याला काय खायला मिळालं असेल, असं मनात आलं. मग मी चप्पल जरा हळू टाकत चालू लागले.

गल्लीच्या वळणावर तो नळ दिसला. कमरेएवढा ओतीव लोखंडाचा खांब, त्याला नाकासारखी वाकलेली नळी, आणि नळीतून मनगटाएवढी धार सुटलेली. खाली गटाराची जाळी, सगळं पाणी त्यात. जवळ माणूस नाही, भांडं नाही. कुणीतरी चालू ठेवून गेलं, असं समजून मी बंद करायला धावले. चावीच सापडेना. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खांबाभोवती प्रदक्षिणा घातली. शेवटी धारेवर तळहात दाबून धरला, तर बाह्या भिजल्या आणि पाणी काही थांबेना.

चौकात पांढरे हातमोजे घातलेला एक पोलीस गाड्यांना वाट दाखवत होता. मी त्याला खुणेनं बोलावून आणलं, धार दाखवली, हात हलवून सांगितलं की हे वाया चाललंय, काहीतरी करा. त्याला वाटलं मला तहान लागली आहे. मी नाही-नाही करून चावी फिरवायची नक्कल केली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं आणि तो असा हसला की त्याची टोपी मागं सरकली. त्यानं आधी डोंगराकडं बोट दाखवलं, मग जमिनीकडं, मग दोन्ही हात पसरून खांदे उडवले. पुढच्या कोपऱ्यावर नेऊन त्यानं मला तसाच दुसरा नळ दाखवला. पलीकडं तिसरा. सगळे वाहत होते. रोमच्या नळांना चावीच नसते. रात्रंदिवस ते असेच वाहतात. चौकीबिकी काही झाली नाही, हे इथं स्पष्ट करते.

तो गेल्यावरही मी तिथंच उभी राहिले. एक घागर भरायला लागेल तेवढा वेळ गेला, म्हटलं ही आत्याबाईंची. मग शेजारच्या कांताची. मग आंधळ्या सुभद्रामावशीची. अशी एकेक करून मनातल्या मनात मी अख्खी वस्ती भरून टाकली आणि धार तशीच चालू होती. मला आनंद झाला की राग आला, ते आजही सांगता येणार नाही.

पदराचा पास

रोम पाहून माणूस थक्क होतं असं म्हणतात. मी तर दिवसभर तोंड मिटायचंच विसरले होते. ते गोल पडकं मैदान, जिथं पूर्वी माणसांच्या आणि जनावरांच्या झुंजी लावत, त्याच्या भिंतीखाली उभी राहून वर पाहिलं तर मान दुखायला लागली. परंड्याचा किल्ला मला लहानपणापासून मोठा वाटत आला आहे, पण असे कितीतरी परंडे त्याच्या पोटात मावले असते. कमानीवर कमान, तिच्यावर आणखी कमान, आणि वर मोकळं आभाळ. माझी मावशी तेरला असते. तिथं शेत नांगरताना जुनी खापरं निघतात, आणि तिथल्या संग्रहालयातले लोक सांगतात की फार पूर्वी तेरचा व्यापार रोमशी होता. मावशीच्या गावचं कापड नेसून कुणी बाई या पायऱ्यांवर बसली असेल काय, असं वाटून मी एका पायरीवर बसले आणि भाकरी काढली. शेजारी एक गोरं जोडपं खात होतं. त्यांनी माझ्या चटणीकडं पाहिलं, मी थोडी पुढं केली. नवऱ्यानं चाखली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायको मात्र पुन्हा मागून खाऊ लागली. बदल्यात त्यांनी मला रोटीवर टमाट्याचं कालवण थापून भाजलेला एक तुकडा दिला. चांगला होता, पण तिखटाचं नाव नाही.

एका मोठ्या चर्चच्या दारात मी बराच वेळ घुटमळले. देवळाच्या दारात घुटमळायची आम्हाला पिढ्यांची सवय. आता देवधर्म आमचा राहिलेला नाही, पण पाय काही एवढ्यात बदलत नाहीत. दारात काळ्या कोटातला एक रखवालदार उभा होता. माझ्यापुढं उघड्या खांद्यांच्या दोन परदेशी पोरी होत्या, त्यांना त्यानं अडवलं. आता माझी पाळी, असं म्हणून मी मागं सरले. तो माझ्या डोक्यावरच्या पदराकडं बघून मान लववून बाजूला झाला. माझा पदर तिथं पासासारखा चालला! आत गेले आणि वर पाहिलं. एवढी उंची माणसानं बांधली? वरच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा येत होता आणि त्यात धूळ चमकत होती. मी हात जोडले नाहीत, पण बराच वेळ उभी राहिले. कुणी हटकलं नाही, कोण तू म्हणून विचारलं नाही.

तिथून आणखी एका जुन्या गोल इमारतीत शिरले. तिच्या घुमटाला मधोमध मोठं भोक ठेवलं आहे, मुद्दाम. वरून आभाळ दिसतं. पाऊस आला तर तो सरळ आत पडतो, आणि तो वाहून जायला फरशीला बारीक छिद्रं ठेवली आहेत. पाऊस घरात घ्यायला बांधलेलं घर! आमच्याकडं दोन वर्षं आभाळाकडं डोळे लावून बसलेली माणसं हे ऐकून काय म्हणतील, या विचारानं मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी पदरानं डोळे पुसले, तर एका जपानी माणसानं माझा फोटो काढला.

रोझा

दुपारी ऊन तापलं, भाकरी-चटणीनं घसा सुकला. फिरत फिरत मी भाजीच्या बाजारात आले होते. तांबडी टमाटी, जांभळी वांगी, ढीगच्या ढीग. आमच्याकडं त्या दिवसांत कोथिंबिरीची काडी दिसत नव्हती. बाजाराच्या कडेला तसलाच एक नळ वाहत होता.

इथं जे झालं ते मी ठरवून केलं नाही. मी नळापासून चार हात लांब थांबले. एक हमाल पाणी प्याला, गेला. एक बाई भाजी धुऊन गेली. नळ मोकळा झाला, तरी मी आपली उभीच. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी दोन्ही हातांची ओंजळ करून वाट पाहते आहे. कशाची, तर कुणीतरी येऊन पाणी वाढील याची. त्या अफाट शहरात, जिथं माझी जात कुणाच्या बापाला ठाऊक नव्हती, मी माझ्या गावची शिळा बरोबर घेऊन आले होते आणि तिच्यावरच बसले होते. मला स्वतःचा असा संताप आला की कानशिलं तापली.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारी आली. काळा झगा, काळे मोजे, हातात काठी. माझी ओंजळ पाहून तिला वाटलं, या परदेशी बाईला नळ कसा वापरायचा ते कळत नाही. तिनं मला जवळ ओढलं. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटानं दाबून धरलं की पाणी त्या भोकातून कारंज्यासारखं वर उडतं आणि सरळ तोंडात घेता येतं. हे तिनं बोटानं दाखवलं खरं, पण तिची बोटं सांधेवातानं वाकडी झालेली, तिला धार दाबून धरता येईना. मग तिनं माझा हात धरला आणि माझं बोट नळीच्या तोंडावर ठेवलं.

पाणी वर उडालं. आणि मला काही कळायच्या आत म्हातारी वाकली आणि पिऊ लागली. माझ्या बोटाला लागून आलेलं पाणी. डोळे मिटून, घोट घोट, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत ती प्याली. मी बोट काढलं नाही. तिचं झाल्यावर तिनं रुमालानं तोंड पुसलं, छातीवर हात ठेवून म्हणाली, "रोझा." मी म्हटलं, "भागा." मग तिनं मला खूण केली, आता तू पी.

मी प्याले. दाताला कळ लागेल इतकं गार. पोट भरलं तरी पीत राहिले. रोझा काहीतरी बोलत माझ्या पाठीवर हात फिरवत होती. बहुतेक म्हणत असेल, हळू पी, ठसका लागेल. आमची आई असंच म्हणायची.

नंतर तिच्या घरापर्यंत मी तिची पिशवी पोचवली, आणि परतताना व्हायचं तेच झालं, वाट चुकले. चपलेचा अंगठा तुटला तो वेगळाच. पण त्या चुकलेल्या वाटेवर मला दगडी कमानींची एक लांबलचक ओळ दिसली. वर पाट, खाली रस्ता. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी या लोकांनी असं उचलून शहरात आणलं, हे मला दुसऱ्या दिवशी परिषदेतल्या दुभाषा बाईंनी सांगितलं. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल पाहिला होता तेव्हा वाटलं होतं, पाण्याला असं नाचवणारी माणसं पुन्हा होणार नाहीत. इथं तर पाणी माणसांच्या डोक्यावरून चालत आलं होतं. अनवाणी पायानं मी किती वेळ त्या कमानींखाली उभी होते कुणास ठाऊक. मग एका दुकानदाराला कार्ड दाखवलं आणि त्यानं हॉटेलपर्यंत आणून सोडलं.

आक्का पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पोलिसाचं ऐकून त्या पोट धरून हसल्या. घुमटाच्या भोकाचं दोनदा सांगायला लावलं. शेवटी रोझाचं सांगितलं. तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

"तू बोट लावलेलं पानी प्याली ती?"

"व्हय."

"तिला ठाव न्हवतं."

"काय ठाव न्हवतं, आक्का?"

आक्कांनी तांब्या उचलला, तो रिकामा होता, पुन्हा खाली ठेवला. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "उद्या दुधाचं सांग. घरचं घरी ऱ्हाऊ दे."

सभा

सभागृह गोल होतं आणि प्रत्येकीच्या कानाला लावायला यंत्र होतं. मी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या निजामी हिंदीत बोलले, दुभाषा बाई ते इंग्रजीत करत होत्या. वैरणीचं सांगितलं, दराचं सांगितलं. साहेबांनी सांगितलेलं सगळं संपलं, तरी वेळ शिल्लक होता. आक्का शेजारी बसल्या होत्या. आत्याबाईंचं बोलणं मला आठवत होतं, शब्द न् शब्द. भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. पण ओंजळ करून उभी राहिलेली मी मलाच दिसत होते, आणि ती मला आता बघवत नव्हती.

मी म्हटलं, "आमच्या गावात सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये पडतं. माझ्या म्हशीचं आणि मोठ्या घरच्या गाईचं. ते शहरात कोण कोण पितं, त्याची कुणी चौकशी करत नाही. पण माझी घागर विहिरीच्या काठाला लागत नाही. मी लांब बसते आणि कुणीतरी वरून पाणी वाढतं. ही माझी अडचण आहे."

दुभाषा बाई मध्येच थांबल्या, माझ्याकडं पाहिलं आणि मग पुढं बोलल्या. समोरच्या रांगेतली एक आफ्रिकेतली बाई, डोक्याला पिवळं फडकं बांधलेली, उठून काही बोलली. दुभाषा बाईंनी सांगितलं, "त्या विचारतात, ही विहीर कुणाच्या मालकीची आहे?"

नाव घेतलं तर गावाकडं वस्तीचं पाणी तुटेल. खोटं सांगितलं तर आताच बोललेलं सगळं वाया जाईल. मी टेबलाकडं बघत राहिले. शेजारी खुर्ची करकरली. सुजलेल्या पायांवर, टेबलाचा आधार घेत आक्का उभ्या राहिल्या होत्या.

"वो बावडी मेरी हय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दुभाषा बाई पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिल्या. पुढचं वाक्य आलं नाही.

परत

विमानात आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. मुंबईत नाही, गाडीत नाही. कुर्डूवाडीला उतरून परंड्याच्या एसटीत बसलो. खिडकीबाहेर करपलेली रानं दिसायला लागली, तेव्हा मीच न राहवून म्हटलं, "आक्का, रागावलात का?"

"त्या बाईनं मालक इचारला," त्या म्हणाल्या. "मालक मी. मग दुसऱ्या कुनाचं नाव सांगू?" आणि पुन्हा बाहेर पाहू लागल्या.

घरी मी आत्याबाईंपासून काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. वस्तीत कुजबुज सुरू झाली. दोन दिवस विहिरीवर आक्कांचा गडी येऊन मुकाट्यानं पाणी वाढून गेला. आक्कांच्या घरातून भांडणाचे आवाज येतात, त्यांचे दीर तावातावानं बोलतात, असं कानावर आलं. रोम बघून आले म्हणून मला पाहायला येणाऱ्या बाया येईनाशा झाल्या.

त्यानंतरच्या सकाळी आम्ही नेहमीसारख्या शिळेवर बसलो होतो. आत्याबाई माझ्याशी न बोलताही माझ्याच शेजारी होत्या, कारण जागा तेवढीच. आक्का लंगडत आल्या. मागं, बांधावर, त्यांचे दीर हाताची घडी घालून उभे राहिले. कांता सवयीनं म्हणाली, "पानी वाढा, आक्का."

आक्कांनी दोरासकट पोहरा उचलला, चालत आमच्यापर्यंत आल्या आणि माझ्या पायाशी ठेवला.

"आपापलं शेंदा," त्या म्हणाल्या. "माझे हात भरून आलेत."

एवढं बोलून त्या दिराच्या आणि विहिरीच्या मधोमध, बांधाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. कुणीच उठेना. शेवटी मी पोहरा घेतला, काठावर चढले आणि तो खाली सोडायला वाकले.

आणि तशीच थांबले. आत काळ्या दगडाचं घडीव बांधकाम होतं, गोल, थेट खालपर्यंत. अर्ध्यावर पायऱ्या उतरत होत्या. एका सापटीतून पिंपळाचं रोप उगवलं होतं, त्याच्याजवळ पारव्यांची घरटी होती. कोनाड्यात दिवा लावल्याची काजळी होती. आणि खोल तळाशी निळं, स्वच्छ पाणी, त्यात आभाळ, आणि आभाळात मी. किती देखणी विहीर! रोममधला प्रत्येक दगड मी डोळे फाडून पाहिला होता. लग्न होऊन आल्यापासून जिचं पाणी प्याले, ती विहीर मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

मागं शिळेवर हालचाल झाली. कोणीतरी उठून दोन पावलं पुढं आलं आणि तिथंच थबकलं. बोलणं टाकल्यापासून पहिल्यांदाच आत्याबाई माझ्याशी बोलल्या.

"भागा," त्यांनी हळूच विचारलं, "आतून कशी हाय गं ती?"

मी हात पुढं केला आणि त्यांच्यासाठी काठावर जागा करून दिली.